सावकाराच्या घरीपण कडू घास जातो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की अमेरिका जपान ऑस्ट्रेलिया असल्या गब्बर देशांनी भूकंप-पूर आल्यावर बाहेरून एक पैशाची मदत घेऊ नये, आणि गरीब देशांनी ती द्यायला जाणं म्हणजे तर घरात दळण नाही आणि शेजाऱ्याकडे पुरणपोळी पाठवली त्यातला प्रकार. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मान डोलावली, बायकोला वाचूनपण दाखवलं. पण मग ते डोक्यातनं जाईना, म्हणून हे लिहायला बसलोय, जरा लांबलं तर कात्री लावा.

माझं मूळ गाव उमरगा तालुक्यातलं. गावात एक सावकाराचं घर होतं, पेव भरलेलं, दावणीला बैलांच्या चार जोड्या, निम्मं गाव त्यांच्या वहीत. मी लहान असताना त्या घरातले मोठे मालक वारले, तर माझी आजी (जिच्या स्वतःच्या घरात दिवाळीनंतर ज्वारी पुरेल का नाही याची रोज चर्चा) ती दुरडीत भाकरी आणि पातेल्यात पिठलं घेऊन त्यांच्याकडे गेली, कडू घास म्हणून. आणि त्यांनी तो खाल्ला. कुणी आजीला म्हणलं नाही की बाई आमच्याकडं शंभर पोती आहेत, तू कशाला आणलंस. आता मागं वळून बघितलं की कळतं, त्या दिवशी त्या घरात पीठ होतं, सरपण होतं, चूल होती, फक्त भाकरी थापायला हात चालत नव्हता कुणाचा.

मला वाटतं मोठ्या देशांचंपण तसंच होतं, पण हे मला पटायला बरीच वर्षं गेली, कारण मी आधी त्या वाचकाच्याच बाजूचा होतो.

२००५ साली मी मुंबईत साकीनाक्याला कामाला होतो. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला ते सगळ्यांना पाठ आहे, मी त्या दिवशी छातीएवढ्या पाण्यातून घाटकोपर आणि तिथून रुळावरून ठाण्यापर्यंत चालत गेलो, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. राज्यात हजाराच्या वर माणसं गेली. आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यात बातमी काय, तर १३ सप्टेंबरला आपल्या हवाई दलाचं विमान २५ टन सामान, ब्लँकेटं, चादरी, ताडपत्र्या, घेऊन अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात लिटल रॉकला उतरलं, आणि शिवाय अमेरिकन रेडक्रॉसला भारताकडून ५० लाख डॉलर! ऑफिसात नुसता हशा. एक जण म्हणला, अरे कलिन्यात द्या की ती ब्लँकेटं, अमेरिकेत कुणाला थंडी वाजते. मीपण हसलो, खरं सांगायचं तर चिडलोच होतो.

नंतर हळूहळू वाचत गेलो तसं कळलं की तिथं झालं काय होतं. २९ ऑगस्टला कतरिना वादळ आलं, न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले, शहराचा जवळजवळ ८० टक्के भाग पाण्याखाली. शहर खाली करा असा आदेश निघाला तेव्हा ज्यांच्याकडे गाडी होती ते निघून गेले, आणि मागं राहिले ते म्हातारे, आजारी, गाडी नसलेले, बहुतेक गरीब आणि काळे लोक, काही छपरावर, काही सुपरडोम नावाच्या स्टेडियममध्ये हजारोंनी कोंबलेले, पाणी नाही, संडास तुंबलेले, औषध नाही, आणि हे जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात चार-पाच दिवस चाललं. म्हणजे देशाच्या नावावर अब्जावधी डॉलर असले तरी छपरावर बसलेल्या बाईच्या पर्समध्ये ते नसतात. त्या वाचकानं हा हिशोबच धरला नाहीये, ते देश देश करतात, पूर काय देशाला बुडवत नाही, वस्तीला बुडवतो, आणि वस्ती बहुतेक वेळा खालच्या अंगाचीच असते मग मिठी नदीच्या काठची असो नाहीतर मिसिसिपीच्या.

राष्ट्राध्यक्ष बुश सुरुवातीला मुलाखतीत म्हणाले होते की बाहेरच्या देशांकडून फार काही अपेक्षा नाही, आम्ही मागितलेलंच नाही, आमचं आम्ही बघू. आणि मग दीडशेच्या वर देशांनी मदत देऊ केली! कुवेतनं ५० कोटी डॉलर, त्यातलं बहुतेक तेलाच्या रूपात. बांगलादेशनं १० लाख. अफगाणिस्ताननं १ लाख. श्रीलंकेनं २५ हजार, आणि श्रीलंकेत त्सुनामी येऊन वर्षपण झालं नव्हतं हो, त्यांचीच माणसं अजून शेडमध्ये होती. क्युबानं दीड हजारावर डॉक्टर तयार ठेवले, ते अमेरिकेनं घेतले नाहीत, दोघांचं जुनं वैर, दुसरं काय.

आणि या सगळ्याचं झालं काय? एप्रिल २००७ मध्ये अमेरिकन पेपरातच छापून आलं की देऊ केलेल्या सुमारे ८५ कोटी ४० लाख डॉलरच्या रोख आणि तेलापैकी तोवर जेमतेम ४ कोटी डॉलर वापरात आले होते. दीड वर्ष होऊन गेलं होतं. ब्रिटननं सैनिकांची तयार जेवणाची लाखो पाकिटं विमानानं पाठवली, तर अमेरिकेच्या नियमात ब्रिटिश बीफ बसत नाही, ती गायींच्या मॅड काऊ रोगाची भानगड, म्हणून ती पाकिटं आर्कान्सातल्या गोदामात पडून राहिली. इकडे माणसं उपाशी आणि तिकडं जेवण गोदामात. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही, पण विमान निघायच्या आधी एक फोन करून विचारता आलं नसतं का?

यातली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. मेक्सिकोचं सैन्य ४५ गाड्यांचा ताफा घेऊन सीमा ओलांडून टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला आलं, १८४६ च्या लढाईनंतर पहिल्यांदा मेक्सिकन सैनिक असे गणवेशात अमेरिकेत आले, आणि बरोबर काय, तर चालतं-फिरतं स्वयंपाकघर, रोज ७ हजार माणसांना जेवायला घालू शकेल एवढं. ज्या मेक्सिकन माणसाला सीमेवर अडवायचं त्याच्याच हातचं गरम जेवण. हे चाललं, कारण काय पाहिजे आणि कुठं पाहिजे ते ठरवून आलं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की घ्यावं का घेऊ नये यावर लोक भांडतात पण मदत घेणं हेपण एक काम आहे, आणि ते श्रीमंतांना येत नाही. त्यांना आयुष्यभर द्यायची सवय. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापणारी जी मंडळी असतात ना, त्यांच्याकडे कुणी पाकीट हातात दिलंच तर ते कुठं ठेवायचं तेच त्यांना सुधरत नाही, तसं.

घेणाऱ्याचे हाल काय असतात ते आम्ही बघितलंय. १९९३ ला ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नववीत होतो. रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते, पावणेचार-चारला जमीन हलली, दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाची फूट-दीड फूट माती, ती झोपलेल्या माणसांवर आली. दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, घर गेलं. त्यानंतर पाऊस लागला तो थांबेना. तेव्हा आम्हाला पाहिजे होती ताडपत्री, कंदील, एक पातेलं, मीठ-मिरची. आणि ट्रकच्या ट्रक येत होते जुन्या कपड्यांचे. त्यात सफारी होत्या, कोट होते, पार्टीला घालायच्या चमकीच्या साड्या, एकाच पायाचे बूट. रस्त्याच्या कडेला ढीग पडले, पावसात भिजून कुजले. माझ्या चुलत्याला एक सूटची पँट मिळाली, ती घालून तो ढिगारे उपसायला जायचा, आजपण घरात त्यावरून चेष्टा होते त्याची. पण वाईट नव्हते ते लोक, ज्यांनी पाठवलं त्यांनी जीव लावूनच पाठवलं असेल, फक्त कुणी विचारलं नाही आणि आम्हीपण सांगायला मोकळे नव्हतो.

तर आता जपानचं बघा. १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला, ६ हजार ४०० च्या वर माणसं गेली. स्वित्झर्लंडनं ढिगाऱ्याखालची माणसं हुंगून काढणारी कुत्री देऊ केली, तर क्वारंटाइनचा नियम आडवा आला आणि त्यात वेळ गेला. बाहेरून डॉक्टर आले तर म्हणे जपानी परवाना नाही, पेशंटला हात लावायचा नाही. ढिगाऱ्याखालच्या माणसाला हे ऐकू आलं असतं तर तो काय म्हणला असता देव जाणे. नंतर जपानमध्येच यावर भरपूर टीका झाली.

मग ११ मार्च २०११, ९ तीव्रतेचा भूकंप, त्यावर त्सुनामी, त्यावर फुकुशिमाची अणुभट्टी. या वेळी १६० च्या वर देश आणि प्रदेशांनी मदत देऊ केली आणि जपाननं विचार करून घेतली. परदेशी डॉक्टरांना आणीबाणीपुरती मुभा दिली, इस्रायलच्या डॉक्टरांनी मिनामिसानरिकू गावात दवाखाना उघडला. आणि आपल्या एनडीआरएफची ४६ जणांची टीम ओनागावा नावाच्या गावात गेली, एनडीआरएफची ती पहिलीच परदेशातली कामगिरी, कडाक्याच्या थंडीत त्यांनी मृतदेह शोधून काढले, आणि ढिगाऱ्यात जी रोकड सापडली ती तिथल्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिली. आपल्या सांगली-कोल्हापूरला महापुरात केशरी बोटी घेऊन येतात तेच हे दल. आता मला सांगा, जपानला ४६ माणसांची काय कमी होती? त्यांच्याकडे लाखभर सैनिक कामाला लागले होते. पण किनारा शेकडो किलोमीटर उद्ध्वस्त झालेला, अशा वेळी एक गाव जरी दुसऱ्या कुणी सांभाळलं तरी तेवढा भार हलका.

तैवानच्या लोकांनी तेव्हा जपानला २० अब्ज येनच्या वर दिले, सामान्य लोकांनी जमवलेले. कारण १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला तेव्हा जपानची माणसं सगळ्यात आधी धावली होती. मालदीवनं डबाबंद टूना मासा पाठवला, कारण त्यांची राजधानी माले, तिच्याभोवतीची समुद्राकडची भिंत जपानच्या पैशातून उभी राहिली होती आणि २००४ च्या त्सुनामीत तिनंच शहर बरंचसं वाचवलं. हे आपल्या बायका शतकानुशतकं करत आल्यात की, ज्या भांड्यातून वानोळा आला ते भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, चिमूटभर साखर का होईना घालतात. समजा शेजारीण म्हणली, नको बाई, तुझी साखर तुलाच राहू दे, मला काय कमी आहे, तर पुढच्या वेळी तुम्ही तिचा वानोळा घ्याल का?

ऑस्ट्रेलियात २०१९-२० ला ते भयंकर वणवे लागले तेव्हा वानुआतूसारख्या टिकलीएवढ्या देशानं २ कोटी वातू दिले, त्यांचं चलन आहे ते, डॉलरमध्ये केलं तर रक्कम लहानच होते. फिजीनं सैन्यातले ५४ इंजिनिअर-जवान पाठवले, पापुआ न्यू गिनीनं १०० सैनिक. दरवर्षी चक्रीवादळ आलं की ऑस्ट्रेलियाची जहाजं या बेटांवर मदत घेऊन जातात. एकदा ही माणसं त्यांच्याकडे झाडं तोडायला, रस्ते मोकळे करायला गेली. ऑस्ट्रेलियानं घेतली मदत, नाक मुरडलं नाही, त्यांचं काही बिघडलं असं दिसत नाही. स्वीडनचंपण तसंच, २०१८ च्या वणव्यात पोलंडचे १३९ फायरमन ४४ गाड्या घेऊन गेले तर स्वीडिश लोक रस्त्याच्या कडेला उभं राहून हात हलवत होते. युरोपात त्यांनी एक चांगली सोय केलीये, ज्याला गरज आहे त्यानं ब्रुसेल्सच्या केंद्राकडे नेमकं काय पाहिजे ते सांगायचं, एवढी विमानं एवढे पंप, आणि ज्याच्याकडे असेल त्यानं द्यायचं. ग्रीस, इटली, पोर्तुगाल उन्हाळ्यात सर्रास मागतात, कुणाची नाकं कापली जात नाहीत.

आता रोख पैशाचं. तिथं मला त्या वाचकाचं निम्मं पटतं. २०११ मध्ये सगळं जग जपानला पैसे पाठवत होतं, कंदाहार शहरानंसुद्धा ५० हजार डॉलर दिले, आणि त्याच वर्षी सोमालियात दुष्काळ पडला तिथं मदत पोचायला इतका उशीर झाला की अडीच लाखाच्या वर माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची पोरं. जपानच्या त्सुनामीचे व्हिडिओ होते, सोमालियातल्या उपासमारीचा एवढा थरारक व्हिडिओ कसा असणार, ती तर महिनोन् महिने चालते. देणाऱ्याचा खिसा एकच असतो. त्यामुळं श्रीमंत देशांनी पैसे शक्यतो मागू नयेत, झोळी तर फिरवूच नये, कुणी प्रेमानं दिले तर घ्यावेत आणि नीट पावती द्यावी, एवढंच. कंदाहारचे ५० हजार परत करणं मला तरी जमलं नसतं. पण माणसं, कुत्री, पंप, विमानं, स्वयंपाकघर, हे बिनधास्त घ्यावं. नेदरलँड्सवाल्यांनी न्यू ऑर्लिन्सला पंप आणि माणसं पाठवली, त्यांच्याकडेच १९५३ च्या पुरात १८०० च्या वर माणसं गेली होती आणि तेव्हा जगानं त्यांना मदत केली होती, त्यातून ते पाण्याचे मास्तर झाले. असलं ज्ञान विकत घ्यायला गेलात तर टेंडर काढण्यात वर्ष जाईल.

कधीकधी नाही म्हणणंपण बरोबर असतं हे मला मान्य आहे. २०२४ च्या १ जानेवारीला जपानमध्ये नोटोला भूकंप झाला, तिथं तर द्वीपकल्पाचे रस्तेच तुटलेले, आपलीच माणसं आत जाईनात, म्हणून त्यांनी बहुतेक देशांना थांबा म्हणून सांगितलं, तैवानची १६० जणांची टीम बॅगा भरून बसली होती ती घरी गेली. वाईट वाटलं असेल पण कारण खरं होतं. गर्वानं नाही म्हणणं आणि जागा नाही म्हणून नाही म्हणणं, दोन्ही वेगळं, आणि समोरच्याला ते कळतं.

शेवटी आपल्याबद्दल बोललं पाहिजे, कारण आपणपण आता पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापायला लागलोय. २००४ च्या त्सुनामीत भारतानं परदेशी सरकारांची मदत नाकारली, आम्ही समर्थ आहोत म्हणलं, आणि आपली जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला गेली. तेव्हा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू. पण २०१८ ला केरळात पूर आला, पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली, आणि यूएई ७०० कोटी देणार अशा बातमीवरून जो धुरळा उडाला तो आठवा. आकडा अधिकृत नव्हता असं नंतर यूएईच्या राजदूतांनीच सांगितलं, तरी केंद्राचं धोरण नाही म्हणण्याचंच होतं, आणि ज्या केरळच्या लाखो माणसांनी ती आखाती शहरं उभी केली तिथून काही येत असेल तर ती भीक कशी म्हणायची? बरं, २०१६ च्या आपल्याच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात लिहिलंय की दुसऱ्या देशानं सदिच्छेनं आपणहून दिलं तर सरकार घेऊ शकतं.

आणि मग २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन संपला तेव्हा सगळं घेतलंच ना, सिलिंडर, कॉन्सन्ट्रेटर, मिळेल ते, चाळीसेक देशांकडून. त्यात केनियानं १२ टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले, दवाखान्यात राबणाऱ्या लोकांसाठी, आणि ते महाराष्ट्रात वाटायचे म्हणून ठरलं होतं. त्यावर आपल्या लोकांनी सोशल मीडियावर काय काय लिहिलं होतं ते मी इथं लिहीत नाही, तुम्ही छापणारपण नाही. कुणी केनियाला भिकारी म्हणलं, कुणी म्हणलं भारतावर काय वेळ आली. माझी मावसबहीण तेव्हा एका सरकारी दवाखान्यात नर्स होती, पीपीई किटमध्ये सहा-सहा तास, पाणी प्यायची सोय नाही. तिला विचारलं तर म्हणली, आमच्यापर्यंत आला असता तर दोन कप प्यायले असते, निदान कुणीतरी सांगितलं तरी असतं की हा चहा केनियातनं तुमच्यासाठी आलाय.

तर संपादक साहेब, एक विनंती. पुढच्या पावसाळ्यात कुठंतरी पूर येणारच, तेव्हा मदतनिधीचा अकाउंट नंबर छापता तसं त्याच्या खाली रोज दोन ओळी छापा, तिथल्या लोकांना विचारून, आज काय पाहिजे आणि काय अजिबात नको. जुने कपडे नको हे पहिल्या दिवसापासून मोठ्या अक्षरात टाका.

आपला,
एक वाचक,
चिंचवड (मूळ गाव तालुका उमरगा)